ते आमच्या खात्यात येत नाही!

मित्रांनो, मागच्या महिन्यात आपल्याला आरोग्याचे भागीदार करून घेण्यात आलं. तुम्हाला पत्ताही नसेल. गोवंडी-मानखुर्दच्या आपल्या बाया एका हॉलात नेऊन बसवल्या. मागं फलक, 'लोकसहभागातून आरोग्य नियोजन'. चहा, दोन-दोन बिस्किटं. भिंतीवर भलामोठा कागद आणि प्रत्येकीच्या हातात टिकल्या. लाल टिकली म्हणजे मोठा प्रश्न, हिरवी म्हणजे छोटा. बायांनी तासभर टिकल्या चिकटवल्या. सगळ्या लाल. मी आईला सोडायला गेलो होतो, दाराशी उभा राहून बघत होतो.

मग आमच्या गल्लीतली एक मावशी उठली. "सायेब, पानी रातीला दोन वाजता येतं. तेबी तासभर. त्याचं काय?"

"मावशी, मुद्दा चांगलाय. पण ते आमच्या खात्यात येत नाही."

"डंपिंगचा धूर?"

"ते घनकचरा खात्याचं."

"बिल्डिंगीत दिवसा बत्ती लावावी लागती, ऊन येत न्हाई."

"ते तर प्राधिकरणाचं."

"मंग तुमच्या खात्यात येतं तरी काय?"

"जनजागृती. हात कसे धुवायचे ते आम्ही शिकवतो."

"आन् पानी?"

हॉल हसला. साहेबही हसले. सभा 'उत्साहात' पार पडली.

मी त्या दिवसापासून हसायचा बंद झालोय. कारण त्या एका वाक्यात सगळा डाव आहे. आपला देह एक आहे आणि त्यांची खाती छत्तीस. खोकला खातं विचारून येत नाही. तो धुरातून येतो, ओलीतून येतो, उपाशी पोटातून येतो. पण आपल्याला भागीदारीचं आमंत्रण येतं ते फक्त त्या एका खात्याकडून, ज्याच्या हातात ना पाणी, ना जमीन, ना पैसा. ज्या खात्यांच्या हातात हे सगळं आहे, ती आपल्याला बोलवत नाहीत. ती ठरवतात.

काय काय ठरवलं त्यांनी? १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आणि त्याच १९२७ साली या शहरानं देवनारला आपला कचरा टाकायला सुरुवात केली. एकीकडं आपण पाण्याला हात लावत होतो, दुसरीकडं शहर घाणीची जागा मुक्रर करत होतं. पुढं त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहायला आलं? गावातून दुष्काळानं हाकललेला दलित, शहरातून बुलडोझरनं हाकललेला दलित आणि मुसलमान. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला तेव्हा धुरानं शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वेळी देवनारचं नाव सगळ्या पेपरांत छापून आलं. धूर आमच्या नाकात होताच, तो गावात पोचला तेव्हा बातमी झाली! महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व वॉर्ड सगळ्या २४ वॉर्डांत शेवटचा आहे. म्हणजे माहिती नाही असं नाही. माहिती छापून, बाइंडिंग करून कपाटात आहे.

आणि आता ऐका पुढचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं याच कचराभूमीतली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. जिथं शंभर वर्षं कचरा कुजला, तिथं माणसं वसवायची! हे ठरवताना कुणी टिकल्या वाटल्या होत्या का? देवनारच्या बाईला, धारावीच्या बाईला कुणी विचारलं, तुझी टिकली लाल की हिरवी?

वसवणं म्हणजे काय ते आपण भोगलंय. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या कामांसाठी उठवलेली माणसं लल्लुभाई कंपाउंडात, नटवर पारेख कंपाउंडात आणून कोंबली. खोली २२५ चौरस फुटांची. दोन इमारतींमध्ये अंतर तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. या वसाहतींची बांधणीच क्षयाला पोसते, असं दाखवणारा डॉक्टरांचा अभ्यास २०१८ साली बाहेर आला. आपल्या आयांना ते त्याआधीच ठाऊक होतं. क्षयाची गोळी फुकट आहे, बरोबर. पण गोळी एका खात्याची आणि ते तीन मीटर दुसऱ्या खात्याचे. एक खातं जंतू मारतं, दुसरं जंतूंना पक्की घरं बांधून देतं!

मग ही भागीदारी आहे तरी काय? भागीदारी आपल्याला नवी नाही. गावगाड्यातही आपण भागीदारच होतो की! मेलेलं ढोर ओढायचं आपण, मयताचा सांगावा घेऊन पळायचं आपण, रात्री वेशीवर जागायचं आपण. त्याबदल्यात बावन्न हक्क. कागदावर बावन्न, पदरात शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या या वेठीवर बिल आणलं ते उगाच नाही. आता २०१३ च्या शहरी आरोग्य अभियानानं आपल्याला त्रेपन्नावा हक्क दिलाय, महिला आरोग्य समिती. पन्नास ते शंभर घरांमागं एक समिती आणि तिला वर्षाला ५,००० रुपये. म्हणजे घरटी वर्षाला पन्नास ते शंभर रुपये. घ्या आणि नियोजन करा!

याच देशात गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगावं लागलं. मेल्यावर ३० लाख, तेही कोर्टानं बजावल्यावर. जिवंत असताना शंभर घरांत पाच हजार.

आणि २०२२ पासून आणखी एक टूम आहे. क्षयरोग्याला 'दत्तक' घ्या, महिन्याला अन्नाची टोपली द्या, 'निक्षय मित्र' व्हा. टोपली घेणाऱ्या आजाऱ्याला मी हसणार नाही, त्याला ती लागते. पण ज्या व्यवस्थेनं त्याच्या खिडकीतलं ऊन काढून घेतलं, तिनं त्याला दानशूर शेठच्या पुढं उभं करायचं? आमच्या माणसाला बाप आहे. त्याला दत्तक नको, मजुरी पाहिजे.

आशाताईचंही तेच. घरोघर फिरणारी, थुंकीचे डबे गोळा करणारी बाई सरकारच्या लेखी कामगार नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. त्या मोबदल्यासाठी २०२४ मध्ये तिला आझाद मैदानावर बसावं लागलं. वस्तीची सगळी भागीदारी या एका बाईच्या चपला झिजवून चालते.

आणि भागीदारी करायची कुणाशी? मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ या शहरात एक नगरसेवक नव्हता. प्रशासकानंच बजेट मांडायचं, प्रशासकानंच मंजूर करायचं. मत द्यायचा हक्क बंद आणि टिकली लावायचा चालू!

आता तुम्ही म्हणाल, मग या समित्या जाळाव्यात का? नाही. इथं मला आपल्याच पोरांशी भांडायचंय. आपण नाक्यावर उभे राहून क्रांतीवर बोलतो आणि समितीला 'आयांची मीटिंग' म्हणून हिणवतो. अरे, त्या मावशीनं पाच प्रश्नांत छत्तीस खाती उघडी पाडली, तेव्हा आपण कुठं होतो? मी तरी कुठं होतो? दाराशी, हाताची घडी घालून. तिचा एकही प्रश्न सभेच्या इतिवृत्तात आला नाही. ते लिहायला तिथं आपल्यातलं कुणीच बसलं नव्हतं.

लढून मिळतं, याचे दाखले आहेत. झोपडी बेकायदा म्हणून पाणी नाही, असं सरकार म्हणत होतं. पाणी हक्क समिती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, जगण्याच्या हक्कात पाणी येतं, झोपडी कुठली का असेना. गावाकडं २००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिथं गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरलं आणि जनसुनवाईत लोकांपुढं डॉक्टरला, अधिकाऱ्याला जाब द्यावा लागला. रंग तिथंही लाल-हिरवेच होते. फरक एवढाच, की तिथं लाल रंगाला उत्तर द्यावं लागत होतं.

म्हणून मित्रांनो, पुढच्या सभेला आपण जायचं. मावशीच्या पुढं नाही, तिच्या शेजारी. वही घेऊन. आणि मागायचं ते हे. पाणी, कचरा, गटार, बांधकाम, सगळ्या खात्यांचे साहेब एका टेबलाला बसवा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लेखी द्या, तारखेसकट. इतिवृत्त सभेतच वाचून दाखवा. पाच हजारांचा हिशोब आम्ही देऊ, पण वॉर्डाच्या सगळ्या बजेटाचा हिशोब आम्हाला द्या. वस्तीच्या सहीशिवाय कुणाला कुठं वसवायचं ते ठरवू नका. आशाताईला कामगार म्हणा आणि पगार द्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार, त्यानंतर मोर्चा. हे होत नसेल तर टिकल्या परत करायच्या, साहेबांच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत नेलं. त्याच प्लेगनं त्या गेल्या. आपल्या आरोग्याची खरी भागीदारी तिथं सुरू झाली. पोर उचलताना ती बाई म्हणाली नाही, हे माझ्या खात्यात येत नाही.

जय भीम!