फोटो रंगीत करू नये

आमच्या घरी १९७२ च्या दुष्काळातला एक फोटो आहे. आपला सिन्नर तालुका. पाऊस पडला नाही म्हणून सरकारने रस्त्याची, पाझर तलावाची कामे काढली होती. फोटोत पणजी खडी फोडते आहे. शेजारी आजी उभी आहे. ती तेव्हा दहा वर्षांची होती, म्हणजे माझ्याएवढीच.

काका म्हणतात, मोबाईलवर रंगीत करून फ्रेम करू. मला ते पटत नाही.

मी फोटो जवळून पाहिला. ऊन तिरपे पडले आहे. त्यामुळे प्रत्येक खडा वेगळा दिसतो. पणजीच्या लुगड्याचे ठिगळ, बोटाला बांधलेली चिंधीसुद्धा दिसते. बाईंनी वर्गात खिडक्या लावून भिंतीवर बॅटरी मारून दाखवली. समोरून मारली तर भिंत सपाट दिसते. बाजूने मारली की सगळे पोपडे दिसतात. अगदी तसेच!

मोबाईलने लुगडे हिरवे केले. आजी हसली. म्हणाली, "अगं, हिरवं कुठलं? धुळीनं समदं एकाच रंगाचं झालं व्हतं. मिलो अन् सुकडी खाऊन दिस काढले." मोबाईलला हे काय ठाऊक? पणजीचे हात पण त्याने गुळगुळीत केले. चिंधी तर गेलीच.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा काळा-पांढराच होता. तरी लोकांनी पाहिला ना?

काकांनी अजून हो म्हटलेले नाही. म्हणून फोटो सध्या माझ्या दप्तरात आहे. पालकांना पाहायचा असेल तर मधल्या सुट्टीत दाखवीन.

— इयत्ता ४ थी