कायदा जे नेत नाही, ते अब्रूपायी जाते

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ऐन थंडीत भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा एवढा मोठा बाजार मराठवाड्यात क्वचितच पाहावयास मिळतो. तेथे उभी असलेली प्रत्येक बैलजोडी कर्जापायी विकायला आलेली असते, असे मुळीच नाही. परंतु काही जोड्या अशाही असतात की, त्यांचे पैसे मालकाच्या घरी पोहोचतच नाहीत. ते परस्पर सावकाराच्या हाती पडतात. आपण कर्ज फेडले, अब्रू राखली, या समाधानात तो मनुष्य गावी परततो आणि पुढच्या पेरणीला भाड्याचे बैल शोधू लागतो.

त्याला हे कोणीच सांगितलेले नसते की, सावकाराने न्यायालयात जाऊन हुकूमनामा मिळवला असता, तरीही उपजीविकेसाठी आवश्यक असलेले ते बैल जप्त झाले नसते. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम याबाबत स्पष्ट आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बी-बियाणे, तो राहतो ते घर, यांवर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यापायी टाच येत नाही. नोकरदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्यापैकी दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. एवढेच नव्हे, तर धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. इंग्रजी अमदानीतील कायदेकारांनाही मंगळसूत्राला हात लावण्याचे धाडस झाले नाही. आपण मात्र ते स्वतः सराफाच्या पेढीवर नेऊन ठेवतो, आणि स्वखुशीने तारण ठेवलेल्या वस्तूला हे संरक्षण उरत नाही. खरी मेख येथेच आहे.

कर्ज लपवण्याची धडपड माणसाला अधिक महागड्या कर्जाकडे नेते. बँकेचा हप्ता थकला हे गावात कळू नये म्हणून आडत्याकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलायचे. ‘शेकडा तीन’ हे शब्द ऐकायला किती सौम्य वाटतात! लाखावर वर्षाला छत्तीस हजार, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली २०१४ साली जे दर ठरवून दिले, त्यांत शेतकऱ्याला विनातारण कर्जासाठी वर्षाला १२ टक्के ही मर्यादा आहे, म्हणजे लाखामागे बारा हजार. परवाना नसताना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, हा दामदुपटीचा दंडक तर आपल्या धर्मशास्त्रकारांनीच घालून दिला होता. तोच या कायद्यातही आला आहे. व्याजापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर पंधरा वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांची चौकशी करून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्थात त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज म्हणजे पुन्हा चारचौघांत येणे.

दिवाळखोरीच्या कायद्याकडे पाहावे, तर निराशाच पदरी येते. पूर्वी दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा पेढीत दिवा लावून बसे, असे सांगतात. निदान सांगण्याची एक रीत तरी होती. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना नवी वाट दिली, पण व्यक्तींसाठी असलेला तिसरा भाग १ डिसेंबर २०१९पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता लागू झाला. सामान्य कुटुंबाला त्याचा लाभ अजूनही नाही. जो लाभ कागदावर आहे, त्याच्या अटी पाहाव्यात: वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नसावे. मराठवाड्यातील कर्जबाजारी कुटुंबांपैकी किती जण या चौकटीत बसतील? हजारो कोटींच्या उद्योगाला नव्याने उभे राहण्याची संधी देणाऱ्या शासनाने लोह्यातील किराणा दुकानदाराला ती नाकारावी, हे न्यायाचे नाही.

कर्जमाफीने हा प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०१७ आणि २०१९च्या राज्याच्या योजनांनी अनेकांना श्वास घेऊ दिला, हे नाकारता येत नाही. परंतु त्या बँका व सोसायट्यांच्या शेतीकर्जापुरत्या होत्या. मुलीच्या लग्नाचे देणे, रुग्णालयाचे बिल, लातूरच्या शिकवणीची व वसतिगृहाची फी, गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता हे सारे त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

आणि घरचा कर्ता माणूस हे सारे मनात ठेवून एके दिवशी टोकाचे पाऊल उचलतो. मराठवाड्याला हे दुःख नवे नाही. तेराव्याचे विधी होतात न होतात तोच वसुलीवाले दारात येतात आणि ‘नवऱ्याचे देणे तुम्हीच फेडले पाहिजे’ असे त्या माउलीला बजावतात. तिने स्वतः सही केलेली नसेल वा ती जामीन नसेल, तर मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपलीकडे तिच्यावर कोणताही बोजा पडत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. मुलाची गोष्टही तीच. पितृऋण हे आपल्याकडे पवित्र कर्तव्य मानले गेले. परंतु २००५च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ त्या कर्तव्याच्या आधारे मुलावर वा नातवावर दावा चालत नाही. मुलाला मनाने ते फेडावेसे वाटले, तर तो त्याचा संस्कार. धमकी देऊन ते वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

गावात कोणाच्या घरी लग्न निघाले की कार्यकर्ते मांडवापासून पंगतीपर्यंत धावतात. कर्जाच्या घरात मात्र सारे पाय आडवळणाने जातात, जणू सुतकच आहे. सोयाबीनची पट्टी हाती येण्यापूर्वी अशा घरात एक संध्याकाळ बसून कोणाचे किती, मुद्दल किती, व्याज किती, आजवर दिले किती, सही कोणाची, तारण काय, हे एका कागदावर उतरवून देणारा विश्वासू माणूस हवा. पत्नीला न सांगता घेतलेले हातउसनेही त्या कागदावर आले पाहिजेत आणि कागद करताना ती समोर असली पाहिजे. तोच कागद घेऊन ती तालुका विधी सेवा समितीकडे गेली, तर उत्पन्नाची कोणतीही अट न लावता तिला मोफत वकील मिळतो आणि लोकअदालतीत तडजोडीसाठी न्यायालयीन शुल्कही पडत नाही.