सही तुमची, मग निर्णय कुणाचा?

मैत्रिणींनो, ‘द पोस्ट’ हा २०१७ सालचा इंग्रजी चित्रपट वर्तमानपत्रावरचा, म्हणून तो पुरुषमंडळींनीच बघायचा असं समजू नका. गोष्ट आहे कॅथरीन ग्रॅहम या बाईंची, आणि ती घडलेली आहे.

‘वॉशिंग्टन पोस्ट’ हे पत्र कॅथरीनबाईंच्या वडिलांचं. पण त्यांनी कारभार सोपवला जावयाकडे. शेअरसुद्धा लेकीपेक्षा जावयालाच जास्त! बाई घर आणि चार मुलं सांभाळत होत्या. १९६३ मध्ये पती वारले आणि ४६व्या वर्षी सगळा व्याप अंगावर पडला. चित्रपटात बघा, बैठकीची तयारी घरून करून येतात, पण पुरुषांपुढे शब्द फुटत नाही.

मग आला जून १९७१. व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकारनं लोकांपासून काय दडवलं, त्याचे गुप्त कागद ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं छापायला घेतले, कोर्टानं मनाई केली. तेच कागद ‘पोस्ट’च्या हाती आले. संपादक म्हणतात, छापा. वकील म्हणतात, नको. कंपनीचे शेअर नुकतेच बाजारात आलेले. खटल्यात सगळंच बुडायचं! बाईंनी सगळ्यांचं ऐकलं आणि फोनवर सांगून टाकलं, छापा. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूनं निकाल दिला.

मेरिल स्ट्रीपनं ही भूमिका फार सुरेख केलीय. आवाज कापतो, पण शब्द मागे घेतला जात नाही.

घराच्या नाहीतर बँकेच्या कागदांवर ‘इथं सही कर’ म्हणून आपल्यापुढं बोट ठेवलं जातं ना, तेव्हा ही बाई आठवा. सल्ला सगळ्यांचा घ्यावा. पण कागद आधी स्वतः वाचावा, बरं का!