प्रचारकी नाटक आणि माझी अम्मा

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही मुलींनी ‘मुलगी झाली हो’मधील दोन प्रवेश बसवले. तालमी पाहून वर्गातील काही मित्रांनी आणि, क्षमा असावी, एका सरांनीही मत दिले की, हे नाटक नव्हे, हा प्रचार आहे. हे मत मला मान्य नाही.

ज्योती म्हापसेकर यांचे हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणले. सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम कायद्यात आले तेही त्याच वर्षी. काम करणाऱ्या व्यावसायिक नट्या नव्हत्या, संघटनेच्या कार्यकर्त्याच होत्या. तरी प्रयोग हजारांच्या घरात गेले. सफाई कमी असेल, हा आक्षेप मी कबूल करते. पण ती कमी आहे म्हणूनच आमच्या घरी जे घडले ते घडले.

आम्ही मूळचे पूर्व भागातले, आता जुळे सोलापुरात दोन खोल्यांत राहतो. घरी तेलुगू बोलतो. अम्मा विड्या वळते. मी तिची तिसरी मुलगी. मुलगी झाल्याचे कळताच सासू आकांत करते, असा प्रसंग आम्ही बसवला होता. मी तो घरी म्हणून पाहत होते. अम्मा समोर सूप मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदम म्हणाली, “असं नसतं गं. कुणी ओरडत नाही. कुणी बोलतच नाही.”

मग कात्री खाली ठेवून ती सांगू लागली. माझ्या वेळी नायनम्मा, म्हणजे माझी आजी, दवाखान्यात फिरकलीच नाही. अम्मा मला घेऊन एकटीच रिक्षाने घरी आली आणि महिना भरायच्या आत पुन्हा विड्यांना बसली. एकोणीस वर्षांत हे मी प्रथमच ऐकले. त्या दिवशी तिच्या शंभरएक विड्या कमी भरल्या.

कलेने मनाच्या जखमा भरतात, असे आपण निबंधात सहज लिहितो. अम्माची जखम भरली असे मी म्हणणार नाही. ती रडली नाही, हलके वाटले असेही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून म्हणाली, “सासूला पाठ फिरवून उभी करा.” आम्ही केली. प्रयोगात त्या जागी टाळी पडली नाही, सभागृह गप्प झाले. घोटून पक्क्या केलेल्या नाटकात तिला असा हात घालता आला असता का? जिचे दुःख आहे तिला “हे चुकले” असे म्हणता यावे, हे कलामूल्यात धरायचे की नाही, ते सरांनी सांगावे.

अम्मा स्वतः प्रयोगाला येऊ शकली नाही. संमेलन विद्यार्थ्यांपुरते, तेही रात्री. म्हणून एक प्रयोग पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, रविवारी दुपारी करावा असा अर्ज मी विद्यार्थी मंडळाकडे दिला आहे. अम्माने दोघीतिघींना सांगूनही ठेवले आहे. त्यातल्या एकीचे म्हणणे आहे की, आमचा हुंड्याचा प्रवेशही चुकला आहे.