सशाची सायंकाळ

दिवस मावळताच पाळीव सशामागे धावून त्याला खुराड्यात कोंडण्याची रीत आमच्या मते त्याज्य आहे. आपल्या माळावरील रानससा बीळ खोदीत नाही. पाळीव ससा मात्र मूळच्या आयबेरियन द्वीपकल्पातील बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज होय. त्यामुळे गवत अंथरलेली अंधारी जागा त्याला स्वभावतःच प्रिय असते. परंतु संधिकाल ही त्याची चरण्याबागडण्याची वेळ. तेव्हा तो परतत नाही, यात हट्ट कसला? पाठलाग करणारा मनुष्य त्याला कोल्ह्यासारखाच भासतो. त्याची हाडे नाजूक, पण मागचे पाय बळकट असतात. धरताना त्याने झाडलेल्या लाथेने त्याचाच कणा मोडू शकतो.

यास्तव त्याचा आवडता पाला रोज ठराविक वेळी खुराड्यातच ठेवावा व त्यापूर्वी वाटी वाजवावी. या खुणेची सवय जडली, म्हणजे ससा बहुधा आपण होऊन आत जातो. उचलणे भागच पडले, तर कान कदापि धरू नयेत. एक हात छातीखाली व दुसरा मागील अंगाखाली द्यावा. रात्री रानमांजरे हिंडतात. म्हणून कडी लावण्यास विसरू नये. चार दिवस धीर धरण्याचे कष्ट मात्र सशाने नव्हे, आपणच घ्यावयाचे आहेत.