आजीचे हात आणि बाळाचा सव्वा महिना



वैशाखातील एका दुपारी कळंब तालुक्यातील एक आजीबाई आठ दिवसांचे बाळ पदराखाली घेऊन दवाखान्यात आल्या. मागे बाळाचे तरुण आईवडील. दोघांचेही हे पहिलेच मूल. पारा 43 अंशांवर होता, तरी बाळाच्या डोक्याला टोपडे आणि अंगावर तीन दुपटी होती. बाळ तापलेले, मलूल. सकाळपासून लंगोट ओला झाला नव्हता. "उन्हानं जीव सुकते म्हणून चमच्याचमच्यानं पाणी पाजलं जी," आजी म्हणाल्या. त्यांच्या मायेत काहीच उणे नव्हते. पण पाण्याने इवलेसे पोट भरले, बाळ दूध ओढेनासे झाले आणि त्यामुळे आईचे दूधही घटले. बाळाला यवतमाळला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात पाठवावे लागले. पाच दिवसांनी ते सुखरूप घरी आले.

ही हकीकत दोष देण्यासाठी सांगत नाही. नवख्या आईवडिलांच्या घरात डॉक्टरापेक्षा आजीचाच शब्द चालतो. म्हणूनच तो शब्द अचूक असावा.

घरातल्या काळजीचे बळ आपल्याच विदर्भाने जगाला दाखविले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकविले. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी पाहतात. आपल्या वाडवडिलांचा सव्वा महिनाही जवळपास एवढाच! आशाताईंना दारातून परत पाठवू नये; त्यांना बाळाचे वजन करू द्यावे.

आता आजी-आजोबांनी काय करावे? पहिले चिकाचे दूध वाया जाऊ देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध. पाणी, साखरपाणी, गुटी, काही नको. आईच्या दुधात 85 टक्क्यांहून अधिक पाणीच असते, ते आपल्या उन्हाळ्यालाही पुरते. मध तर वर्षभर वर्ज्य. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

नाळेवर हळद, राख, तूप लावू नये. ती कोरडी ठेवावी. कानानाकात तेल घालू नये. बंद खोलीतील शेगडीचा धूर बाळाला बाधतो. हिवाळ्यात ऊब द्यावी, उन्हाळ्यात एकच सुती झबले पुरे. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि स्वतःला खोकला असल्यास दूरच राहावे.

बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, नाळेतून पू येत असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. 102 किंवा 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार विनामूल्य होतात.

आणि एक विनंती. बाळाला पाहायला सगळे येतात. बाळंतिणीला कोण पाहते? ती उगीच रडत असेल, झोपत नसेल, दोन आठवड्यांनंतरही उदास असेल, तर "आम्ही नाही का मुले वाढविली?" असे म्हणू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे.

त्या आजीबाई पुढे लसीकरणासाठी आल्या, तेव्हा शेजारणीच्या सुनेलाही सोबत घेऊन आल्या होत्या. तिला त्या सांगत होत्या, "पाणी नको पाजू, बाई." माझ्या औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्यांचे हे एक वाक्य अधिक घरांत पोहोचेल.