चोपडीवरचं देणं

आज लक्ष्मीपूजन. दिवेलागणीला पेठेतल्या किराणा-भुसाराच्या दुकानात लाल बांधणीची नवी चोपडी पाटावर येईल, पहिल्या पानावर ‘श्री’ उमटेल, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवला जाईल. खरा हिशेब एव्हाना संगणकात गेलेला असतो आणि हल्ली तोही चोपडीच्या शेजारी हळदकुंकू लावून घेतो. त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही.

पगार लांबला, घरात दुखणंखुपणं आलं, तरी याच चोपडीत नाव मांडून आपल्यापैकी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. अर्थात वाण्याचे गोडवे गाताना मारलेला काटा, भेसळ आणि उधारीपायी मुकाट सोसलेला चढा भावही विसरायला नको. म्हणून तर १९४८ मध्ये नायगावच्या कामगारांनी अपना बाजार उभा केला आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या घरांचे संघ बांधून महिन्याचं सामान एकत्र आणून वाटून घेण्याची रीत घालून दिली. २००२ मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं. तिथे माल छापील किमतीहून स्वस्त मिळू लागला, मात्र यादी वाचता वाचता ‘आजी बऱ्या आहेत ना?’ असं विचारणारं कोणी उरलं नाही.

आता दहा मिनिटांचा जमाना आहे. गिऱ्हाइकाने कधी पाऊल न ठेवलेल्या गोदामांतून, ऐन पूजेच्या वेळी विसरलेले बत्तासेही दारात येतात. एकट्या म्हाताऱ्या माणसांना याचा केवढा आधार, त्यामुळे नाकं मुरडण्यात अर्थ नाही. वाणीही व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेऊ लागला आहे. तो टिकेल, असं आम्हांला वाटतं, कारण उधारी आता फोनही देतो, पण फोन पत पाहतो, घरातलं आजारपण त्याला दिसत नाही.

दिवाळीआधी देणी फेडायची, ही आपली जुनी चाल. पण बत्तासे आणणाऱ्या पोराचं देणं कोणत्या चोपडीत मांडायचं? फराळाची पुडी हातात द्यावी म्हटलं, तर तो जिन्यावरून निम्मा खाली उतरलेला असतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी देण्याची तरतूद आहे. ती त्याच्यापर्यंत पोचते की नाही, हे आता गिऱ्हाईक म्हणून आपणच विचारायला हवं.